बीएमडब्ल्यू आर ८०/७ : मागच्या चाकाचे स्प्लाईन साफ करून ग्रीस लावणे (प्रकल्प नोंदी)

गाडी १९७८ ची आर ८०/७. ७९७ सीसी, शाफ्ट ड्राईव्ह (चेनऐवजी फिरता दांडा), तारांचं चाक, मागे ड्रम ब्रेक. मीटरवर ८७ हजार किलोमीटर. मुक्काम बर्लिनच्या स्पांडाऊ भागात. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकली १९६९ पासून इथे बनतात, म्हणजे ही गाडी जिथे जन्मली तिथून थोड्याच अंतरावर मी तिचं काम करतोय. मला याचं अप्रूप आहे.

स्प्लाईन म्हणजे चाकाचा हब (मधला तुंबा) फायनल ड्राईव्हशी, म्हणजे मागच्या गिअरपेटीशी, जोडणारे एकमेकांत अडकणारे दाते. या नोंदी /५, /६ आणि /७ मालिकेतल्या, मागे ड्रम असलेल्या गाड्यांसाठी. १९८० च्या आर ८० जी/एस पासून आलेल्या एका बाजूच्या स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) गाड्यांना चाक थेट बोल्टने बसतं. त्यांना चाकाचे स्प्लाईन नाहीत, त्यामुळे हे काम त्यांचं नाही.

२ मार्च २०२४, शनिवार. आधी खेळ (ढिलेपणा) मोजला

गाडी मी गेल्या हिवाळ्यात घेतली. आधीच्या मालकाने इंजिनाचं सगळं लिहून ठेवलंय: तेल कधी बदललं, व्हॉल्व्ह कधी सेट केले, टायर कधी घातले. चाकाच्या स्प्लाईनचा उल्लेख अख्ख्या वहीत नाही. टायर दोनदा बदललाय, म्हणजे चाक दोनदा बाहेर आलंय, पण ग्रीस लावल्याची नोंद नाही. तिथेच माझा जीव खालीवर झाला.

माझा सातारचा एक मित्र इथेच नोकरीला आहे. घरी त्याच्याकडे बुलेट होती, चेनला तेल देण्यात त्याचं बालपण गेलं. तो म्हणाला, "अरे, शाफ्टला कुठे काय करावं लागतं? म्हणून तर लोक शाफ्टची गाडी घेतात." नव्वद टक्के शाफ्टवाल्यांची हीच समजूत असते, आणि दाते झिजतात ते त्या समजुतीपायी.

शाफ्ट उजव्या स्विंगआर्मच्या नळीत तेलात फिरतो. त्याच्या मागच्या टोकाची कपलिंगही तेलात असते. फायनल ड्राईव्हमधले क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर तेलात. या सगळ्या साखळीत कोरडा राहतो तो फक्त शेवटचा सांधा. फायनल ड्राईव्हवरच्या दातेरी रिंगवर चाकाचा हब सरकून बसतो, तो. मध्ये रबर नाही, तेल नाही. पोलादावर पोलाद. गिअर टाकला, थ्रॉटल सोडला, ब्रेक मारला की प्रत्येक झटका तिथून जातो. तिथलं ग्रीस संपलं की काही ऐकू येत नाही, काही दिसत नाही.

चाक काढायच्या आधी खेळ मोजून ठेवला. गाडी मेन स्टँडवर, गिअरमध्ये. टायरवर खडूची खूण, स्विंगआर्मवर दुसरी. चाक हाताने पुढे ढकलून थांबेल तिथे एक रेघ, मागे ओढून थांबेल तिथे दुसरी. टायरच्या कडेला अंतर १८ मिलिमीटर. यात गिअरबॉक्सचा खेळ आहे, क्राऊन-पिनियनचा आहे आणि स्प्लाईनचाही आहे. कुणाचा किती ते चाक काढल्यावर कळेल. कुठल्या गिअरमध्ये मोजलं ते लिहून ठेवा, पुढे पुन्हा त्याच गिअरमध्ये मोजायचंय.

चाक वर-खाली धरूनही हलवून पाहिलं. बेअरिंगचा खेळ नाही. हे आधी बघणं महत्त्वाचं. चाकच डुगडुगत असेल तर दाते वाकडे घासले जातात आणि कितीही ग्रीस लावलं तरी उपयोग नाही.

९ मार्च, शनिवार. एक्सल हलेना

माझ्या गाडीला सीझनची नंबरप्लेट आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. त्याआधी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर सोडाच, उभीही करायची नाही. त्यामुळे सगळं काम भाड्याच्या गॅरेजमध्ये. दिवा एकच, जमीन थंडगार, पण दार बंद करता येतं.

क्रम असा. पेट्या काढल्या. मेन स्टँडखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी सरकवली, कारण ४.०० × १८ चा टायर मडगार्ड आणि जमीन यांच्यामधून निघायला एवढी उंची लागतेच. ब्रेक रॉडचा विंगनट पुष्कळ ढिला केला. ब्रेक शू फायनल ड्राईव्हवरच राहतात, चाकाबरोबर येत नाहीत, म्हणून रॉड काढायची गरज नाही. पण जुन्या ड्रमच्या तोंडाशी झिजून कंगोरा आलेला असतो, त्यात शू अडकतात. विंगनट ढिला केला की शू आत बसतात.

उजवीकडचा एक्सलचा नट २२ चा. तो आरामात सुटला. डावीकडचा, स्विंगआर्मला एक्सल आवळून धरणारा बोल्टही निघाला. त्यानंतर एक्सल डावीकडे ओढायचा असतो. डाव्या टोकाला भोक असतं, त्यात जाड सळई घालून फिरवत फिरवत ओढायचा. माझा एक्सल फिरलाच नाही.

संध्याकाळ त्यातच गेली. मारुतीच्या शेपटीसारखं काम लांबत गेलं. उजव्या टोकावर लाकूड ठेवून हातोडीचे हलके ठोके दिले, पण आटे बिघडतील या भीतीने जोर लावला नाही. ठोकायचंच असेल तर नट टोकाच्या बरोबरीने परत लावा, मग लाकूड, मग हातोडी. एक्सलचं टोक फुगलं तर तो बेअरिंगमधून बाहेर येणारच नाही आणि पाचशे रुपयांच्या कामाची पाच हजारांची गोष्ट होते.

शेवटी दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल मारलं आणि शटर ओढलं.

१० मार्च, रविवार. चाक बाहेर

इथे रविवारी ठोकाठोक करायची नाही, शेजारी तक्रार करतात आणि नियमही त्यांच्या बाजूने आहे. तेच पथ्यावर पडलं. हातोडीऐवजी सळईला लांब पाईप लावला आणि मित्राला घेऊन दोघांनी मिळून एक्सल फक्त फिरवायचा प्रयत्न केला. ओढायचा नाही, फिरवायचा. पुढे दोन अंश, मागे दोन अंश. मध्ये पुन्हा तेल. थोड्या वेळाने कर्र करून सुटला आणि मग पूर्ण फिरायला लागला. एकदा फिरला की ओढणं काहीच नाही.

एक्सलवर डावीकडे, स्विंगआर्मच्या आत बसतो त्या जागी गंजाचा पट्टा होता. बाकी ठीक. स्पेसर कुठल्या बाजूला आणि कुठलं तोंड कुठे करून बसला होता त्याचा फोटो काढला. हा फोटो नक्की काढा. या चाकात टेपर रोलर बेअरिंगा आहेत, स्पेसर उलटसुलट झाला तर त्यांच्यावरचा दाब बदलतो.

चाक डावीकडे सरकवून स्प्लाईनमधून सोडवायचं. टायर स्विंगआर्मला टेकला, म्हणून हवा सोडली. हवा सोडल्यावर बोटभर जागा मिळाली आणि चाक खाली उतरलं.

हबच्या तोंडातून लाल-तपकिरी भुकटी जमिनीवर सांडली. ग्रीसचा मागमूस नाही. बोटाला लागली ती कोरडी, सुकी, चिमटीत चोळली तर खरखरीत. ही पोलादाचीच भुकटी. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म हालचालीने घासत राहतात, सुटलेले कण हवेने गंजतात, आणि तो गंज पुन्हा दात्यांमध्येच अडकून त्यांना घासतो. म्हणजे झीज स्वतःच स्वतःसाठी पॉलिशची पावडर तयार करत असते. काढून टाकेपर्यंत ती थांबत नाही.

चाक बाहेर असतानाच खेळाची दुसरी मोजणी उरकली. फायनल ड्राईव्हच्या दातेरी रिंगला लाकडी पट्टी बांधली, टायरच्या त्रिज्येइतकी, म्हणजे ३२ सेंटिमीटर लांब. तोच गिअर. पट्टीच्या टोकाला खेळ १४ मिलिमीटर. चाकासकट १८ होता, म्हणजे उरलेले ४ मिलिमीटर स्प्लाईनचे. दात्यांची त्रिज्या टायरच्या मानाने अगदी लहान, त्या हिशेबाने प्रत्यक्ष दात्यांपाशी हे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरतं. झीज आहे, पण आशा आहे.

१६ मार्च, शनिवार. सफाई

आधी एक गंभीर गोष्ट. ड्रममध्ये ब्रेक शूची काळी धूळ साठलेली असते. जर्मनीत अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९३ मध्ये बंदी आली. त्याआधीचे शू असतील तर त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. माझ्या गाडीचे शू कधीचे आहेत ते वहीत नाही. म्हणून कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारली नाही. कोरडा ब्रशही नाही. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून धूळ भिजवली, ओल्या फडक्याने पुसली, फडकी पिशवीत बांधली. तोंडावर पी३ दर्जाचा मास्क. करोनातले उरलेले एफएफपी२ मास्क याला पुरत नाहीत, नवे आणले. आपल्याकडे गॅरेजमध्ये ड्रम उघडला की मिस्त्री फूं करून धूळ उडवतात, ते आठवून पोटात गोळा येतो. कुणी वाचत असेल तर कृपा करून हे सोडा.

फायनल ड्राईव्हची बाजू: दातेरी रिंगच्या मागे तेलाचं मोठं सील आहे. ब्रेक क्लीनरचा स्प्रे थेट मारला तर सगळी घाण सीलच्या ओठापाशी जाऊन बसते, रबरालाही तो मानवत नाही. म्हणून सील आणि शू दोन्ही फडक्याने झाकले, जुना टूथब्रश वाशबेन्झीनमध्ये (सफाईच्या पेट्रोलमध्ये) बुडवून झटकून घेतला आणि सीलकडून बाहेरच्या दिशेने घासलं. प्रत्येक दाता. घळीच्या तळाशी भुकटी घट्ट बसलेली होती, ती बांबूच्या काडीला टोक काढून खरवडली. स्टीलचा खिळा वापरायचा मोह होतो, वापरू नका, चरे पडतात. सील कोरडं निघालं, तेलाचा ओघळ नाही. ओघळ असता तर ग्रीस लावण्यात अर्थ नव्हता. आधी सील बदलावं लागलं असतं.

हबची बाजू: चाक आडवं टाकून वरून बेन्झीन ओतलं तर ते भुकटी घेऊन थेट बेअरिंगमध्ये उतरतं. चाक उभं धरलं, स्प्लाईनचं तोंड किंचित खाली, बेअरिंगच्या तोंडात फडक्याचा बोळा. मित्राने चाक धरलं, मी घासलं. तिसऱ्या फडक्यापर्यंत लाल रंग येत राहिला, नंतर करडा, मग पांढरं फडकं पांढरंच.

साबण लावून घासलेले हात दुसऱ्या दिवशीही लाल होते. हातमोजे घाला.

१७ मार्च, रविवार. दाते बघणं

या कामातला हा भाग मी सर्वांत निवांत केला. ग्रीस कुणीही लावेल, पण लावण्यालायक दाते उरलेत का हे आधी ठरवावं लागतं.

नव्या स्प्लाईनच्या दात्याला माथ्यावर सपाट पट्टी असते. झिजत गेला की ती अरुंद होते, शेवटी दाता टोकदार होतो आणि एका बाजूला कलतो. पार टोकदार दाते असतील तर ते एक दिवस चढाला, भर थ्रॉटलवर, सगळे एकदम सुटतात. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी जागेवर.

हबच्या दात्यांची पूर्ण लांबी रिंगवर येत नाही. आतल्या टोकाशी एक अरुंद पट्टा असतो, तो कधी घासलाच जात नाही. म्हणजे मूळ दाता कसा होता त्याचा नमुना गाडीतच आहे. नख दात्याच्या कुशीवरून बाहेरून आत सरकवलं की झिजलेला भाग संपून मूळ भाग सुरू होतो तिथे पायरी लागते. माझ्या हबला पायरी लागली, स्पष्ट लागली. नख अडतं इतकी. दात्यांच्या एकाच कुशीला लागली, दुसरी बाजू जवळजवळ गुळगुळीत. बरोबरच आहे, इंजिनाचा जोर एकाच बाजूने येतो.

डोळ्याला आत नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या मुलीकडून खेळण्याची मळण्याची माती मागून आणली. दात्यांवर पातळ तेलाचा हात, माती दाबून बसवली, अलगद बाहेर काढली. छाप स्वच्छ आला. त्याचा ब्लेडने आडवा काप घेतला, एक मूळ पट्ट्यापाशी, एक झिजलेल्या जागी. दोन्ही काप शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. माथ्याची सपाट पट्टी मूळच्या साधारण दोन तृतीयांश उरलीय. कल नाही. अर्ध्याच्या खाली गेली असती तर मी चाक चालवलं नसतं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त फिटर काका छाप बघायला खाली आले. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस. त्यांनी काप उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चालेल. पण आता हे विसरून चालणार नाही."

तारांच्या चाकात दातेरी कडं अ‍ॅल्युमिनियमच्या हबला रिव्हेटने जोडलेलं असतं. रिव्हेट सैल झाले असतील तर खेळ वाढतो आणि दोष दात्यांना लागतो. प्रत्येक रिव्हेटवर बोट ठेवून शेजारी लाकडी मुठीने टकटक केली, एकही हलला नाही. कडं गेलंच तर रिव्हेट कापून नवं बसवून देणारे लोक आहेत, पण खर्च काही शे युरो आणि चाक पुन्हा बांधावं लागू शकतं. फायनल ड्राईव्हवरची रिंग गेली तर त्याहून मोठं काम.

२० मार्च, बुधवार. कुठलं ग्रीस

पार्सल आलं. दोन नळ्या.

पहिली, स्टाबुराग्स एनबीयू ३० पीटीएम. म्युनिकच्या क्लुबर कंपनीचं, बेरियम साबणावर बनलेलं (ग्रीसमधला साबण म्हणजे तेल धरून ठेवणारा घट्ट भाग). पाण्याने सहज धुपत नाही, चिकटून बसतं. बीएमडब्ल्यूने स्प्लाईनसाठी हेच सांगितलं होतं. नळीला २५ युरोंच्या आसपास.

दुसरी, मॉलिब्डेनम डायसल्फाईडची पेस्ट, मॉलीकोट जी-एन जातीची. १७ युरो. होंडा आपल्या शाफ्टच्या गाड्यांच्या स्प्लाईनला मॉलीची पेस्टच सांगते. त्यांची मॉली ६० बरीच वर्षं एअरहेडवालेही (हवेने थंड होणाऱ्या जुन्या बीएमडब्ल्यूंचे मालक) वापरत. ती बंद होऊन एम-७७ आली. मॉलीचे कण पापुद्र्यापापुद्र्याचे असतात, दोन पोलादांमध्ये दाबले गेले तरी पापुद्रे एकमेकांवर सरकतात. तेल दाबाने बाहेर ढकललं गेलं तरी मॉली जागेवर राहते. तिची अडचण अशी की नुसती पेस्ट काही हजार किलोमीटरनंतर कोरडी पडून झडते.

घरात बेअरिंगचं साधं लिथियमचं ग्रीस डबाभर पडलंय. ते वापरणार नाही. ड्रम तापतो, त्या उष्णतेने त्यातलं तेल सुटून वाहतं आणि वाहून जातं कुठे, तर शूवर. मागे साबणाचा थर उरतो, त्याचा काही उपयोग नाही.

जुने एअरहेडवाले दोन्ही मिसळून लावतात. मी ठरवलं की आधी मॉली चोळायची, मग वर स्टाबुराग्स.

२३ मार्च, शनिवार. लावलं, चाक बसवलं

दाते शेवटचे एकदा बेन्झीनने पुसून पूर्ण वाळू दिले. मॉली ताठ केसांच्या लहान ब्रशने प्रत्येक दात्याच्या दोन्ही कुशींना घासून लावली. लेप द्यायचा नाही, धातू काळा-करडा होईपर्यंत घासायची. मग फडक्याने जास्तीची पुसली. त्यावर दोन्ही बाजूंना स्टाबुराग्स. घळी भरून.

एक्सल पॉलिश पेपरने साफ करून त्यावरही ग्रीसचा पातळ हात. पुढच्या वेळी पाईप लावायला लागू नये.

बसवताना गाडी गिअरमध्ये ठेवा, म्हणजे रिंग फिरत नाही. चाक खालून आत, डावीकडे, मग उजवीकडे ढकलत किंचित फिरवायचं. दाता घळीसमोर आला की चाक गप्पकन आत जातं. जोर लावायचा नाही. जात नसेल तर शू अडतायत, विंगनट बघा. स्पेसर फोटोप्रमाणे. एक्सल डावीकडून. नट हाताने, मग टॉर्क रेंचने ४५ न्यूटन-मीटर. आकडा लहान वाटतो, पण त्या नटाच्या दाबाचा संबंध टेपर बेअरिंगांशी आहे, जोर करून आवळू नका. नट आवळून झाल्यावरच डावीकडचा चिमट्याचा बोल्ट. उलट केलं तर स्विंगआर्म ताणलेला राहतो. टायरमध्ये हवा, ब्रेकचा विंगनट सेट, पायाने ब्रेक दाबून चाक फिरवून पाहिलं.

खेळ पुन्हा मोजला: १७. ग्रीसने झिजलेला धातू परत येत नाही. एक मिलिमीटर कमी दिसला तो घट्ट ग्रीसच्या थराचा.

१ एप्रिल, सोमवार. पहिली फेरी

सीझन सुरू, ईस्टरची सुट्टी. स्पांडाऊहून पश्चिमेला नाउएनकडे, हाफेललांडच्या सपाट शेतांमधून. थ्रॉटल सोडताना आधी बारीक 'टक' यायची, ती नाही. परत येताना गावातल्या सिग्नलला मागचा ब्रेक मऊ लागला. दोन-तीनदा दाबल्यावर नेहमीसारखा. गॅरेजमध्ये ड्रमला हात लावला तर कोमट, पण नाकाला ग्रीस तापल्याचा वास आला.

६ एप्रिल, शनिवार. पुन्हा उघडलं

एक्सल या वेळी दोन बोटांनी निघाला. ड्रमच्या आत, स्प्लाईनच्या तोंडापासून बाहेरच्या कडेपर्यंत ग्रीसच्या बारीक रेघा, एकाच दिशेला वळलेल्या. चाक फिरताना बाहेर फेकलं गेलेलं ग्रीस. एका शूच्या टोकाला नखाएवढा डाग.

घळी भरायला नको होत्या. दात्यांच्या कुशींना जे लागतं तेच कामाचं. घळीत भरलेलं ग्रीस, चाक सरकवून बसवताना, पुढे ढकललं जाऊन तोंडाशी गोळा होतं आणि फिरताना सुटतं. होंडाच्या किंवा मागे डिस्क असलेल्या गाड्यांची माहिती वाचून ड्रमच्या गाडीला तेवढंच ग्रीस लावलं तर हेच होणार, कारण इथे स्प्लाईन आणि ब्रेक एकाच खोलीत राहतात.

डाग वरवरचा होता. ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन पुसला, ओल्या पॉलिश पेपरने शूचं तेवढं तोंड काढलं, पुन्हा पुसलं. आत मुरला असता तर शूची जोडी बदलावी लागली असती. ड्रमही पूर्ण पुसला.

मग स्प्लाईनवरचं सगळं पुसून पुन्हा लावलं. मॉली तशीच घासून. स्टाबुराग्स वाटाण्याएवढं, दोन्ही बाजू मिळून. ब्रशने पसरवलं, खालचा धातू ग्रीसमधून अंधूक दिसेल इतकंच. चाक एकदा बसवलं, फिरवलं, परत काढलं. तोंडाशी जे गोळा झालं ते फडक्याने टिपलं. मग कायमचं बसवलं. हे एकदा बसवून काढणं मला फार मोलाचं वाटतं. दहा मिनिटं जातात आणि शू वाचतात.

१४ एप्रिल, रविवार

मोठी फेरी, मध्ये पाऊसही. ब्रेक पहिल्या दाबाला धरतो. वास नाही.

८ जून, शनिवार. तपासणी

मागचा टायर बदलायचाच होता, म्हणून चाक काढलं. तेव्हापासून साधारण २,८०० किलोमीटर झाले. ड्रम कोरडा. दात्यांवर करड्या-काळ्या रंगाचा अखंड थर. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून घळीतून फिरवलं: काळं आलं, लाल कुठेच नाही. याच एका फडक्यासाठी सगळं केलं होतं. मातीचा छाप पुन्हा घेतला, मार्चच्या छापाशेजारी ठेवला, फरक दिसत नाही. खेळ १८.

ग्रीस ताजं होतं, तरी पुसून नवं लावलं, कारण चाक बाहेर होतंच. यापुढे टायर बदलताना दर वेळी, आणि टायर टिकला तरी दर हिवाळ्यात गाडी ठेवण्यापूर्वी. प्रेशर वॉशरचा झोत ड्रमच्या दिशेने कधीच नाही.

खर्च: स्टाबुराग्स २५, मॉली १७, बेन्झीन, ब्रेक क्लीनर आणि ब्रश मिळून १४, पी३ मास्क ९. सगळे ६५ युरो. दोन्ही नळ्या माझ्या हयातीत संपतील असं वाटत नाही, इतकं थोडं लागतं. चाक काढून लावणं आता तासाभरात होतं. पहिल्या वेळी जे शनिवार-रविवार गेले ते एक्सलमुळे आणि ऑर्डर केलेल्या ग्रीसची वाट बघण्यात. ग्रीस आधी मागवा, मगच चाकाला हात लावा.

दोन्ही मातीचे छाप काचेच्या बरणीत ठेवलेत, बाहेर तारीख आणि किलोमीटर लिहून. पुढच्या मालकाला वहीबरोबर देणार आहे.